हिलरीचे बेसबॉलचे कागद

हिलरी तुस्कानोने आयुष्यात बेसबॉलची एकही मॅच मैदानावर बसून पाहिलेली नाही. वसईत तो क्रिकेट खेळायचा, तेही यष्टीमागे.

दुबईत, जबल अलीच्या गोदामात, तो घरसामानाच्या पेट्या उघडायच्या विभागात होता. एकदा एका अमेरिकन कुटुंबाच्या काचेच्या भांड्यांना गुंडाळलेला जुना पेपर त्याने सरळ केला. फोटोत टोप्या घातलेली माणसं आनंदाने एकमेकांच्या अंगावर पडली होती. बातमी त्याने डबा खाताना वाचली. एका गोलंदाजाने समोर सत्तावीस वेळा आलेल्या फलंदाजांपैकी एकालाही पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यापर्यंतही, पोचू दिलं नव्हतं. मालकिणीला विचारून त्याने तो कागद ठेवून घेतला. पुढे जुन्या सामानाच्या विक्रीत, ओळखीच्या ग्राहकांकडे तो असेच पेपर मागू लागला. विक्रम, शेवटचे सामने, पहिले विजेते. सगळे पलंगाखालच्या सुटकेसमध्ये.

‘‘लोक सोनं नेतात गावी,’’ त्याची बायको ॲनेट म्हणायची, ‘‘आमचा हा रद्दी नेणार.’’

पण निवृत्ती आली तेव्हा त्याने ही रद्दी गावी न्यायची नाही असं ठरवलं. वसईच्या पावसाळी, दमट हवेत तिचा लगदा झाला असता. अबुधाबीत मुलांचा एक बेसबॉल क्लब होता. त्याचं काम पाहणारा कुशल मूळ पुण्याचा. क्लबच्या भिंतीवर पेपर लावायला तो आनंदाने तयार झाला. आता ते नीट पोचवायचे, एवढंच हिलरीला हवं होतं.

फ्रेमची मापं विचारायला कुशलचा फोन आला.

‘‘मापं देतो, पण घाई नको,’’ हिलरी म्हणाला. ‘‘आज सकाळीच खालच्या दुकानात शौकतकडे लॅमिनेशनला टाकलेत. एकदम पक्कं काम.’’

कुशलने त्याला पुढे बोलूच दिलं नाही.

‘‘अंकल, थांबवा त्याला. आत्ताच्या आत्ता. जुना कागद त्या उष्णतेने खराब होतो, आणि प्लॅस्टिक नंतर निघत नाही.’’

लग्नाचा दाखला, बाप्तिस्म्याचा दाखला, मुलाची, ग्लेनची, डिग्री. हिलरीच्या घरात ज्या कागदाला मान होता, त्याला प्लॅस्टिक होतं. पेपरांनाही त्याने तोच मान दिला होता. चपला घालून तो धावतच शौकतच्या दुकानात, खालच्या टायपिंग सेंटरमध्ये गेला.

‘‘शौकतभाई, खलास! मशीन बंद करो!’’

‘‘अरे, अभी तो शुरू किया है, साब. आप ही बोले थे, सबसे अच्छावाला पहले.’’

शौकतने अभिमानाने तो समोर धरला. एकमेकांवर पडलेली टोपीवाली माणसं, आता चकचकीत आणि कोमट. बाकी गठ्ठा अजून तसाच होता. हिलरी स्टुलावर बसला. रागवायचं कुणावर, हेच त्याला कळेना.

शुक्रवारी कुशल आणि त्याची मुलगी ईशानी पेपर न्यायला आले. कुशलने एकेक पेपर जाड पुठ्ठ्यांत ठेवला. प्लॅस्टिकमधला त्याने बराच वेळ हातात धरला.

‘‘अंकल, हा भिंतीवर नाही घेता येणार. कागद आतल्या आत पिवळा पडत जाईल.’’

‘‘किती वर्षांत?’’

‘‘सांगता नाही येत.’’

तोवर ईशानीने तो ओढून घेतला होता. ॲनेटने दिलेला आमरस तिच्या बोटांना होता. हिलरीच्या तोंडून ‘‘ए!’’ निघालं. तिने फ्रॉकने पेपर पुसला आणि वाचत बसली. फ्रेममधल्या पेपराला कुणी असा हात लावला नसता.

‘‘हा भिंतीला नको,’’ हिलरी कुशलला म्हणाला. ‘‘मुलांच्या बाकावर ठेव. फिरू दे हातांतून. पडू दे पिवळा.’’



हिलरी ईशानीजवळ सरकला. ‘‘हे बघ, हा बॉलर ना, ह्याच्या ओव्हरमध्ये–’’

‘‘अंकल, देअर आर नो ओव्हर्स!’’

‘‘बरं. मग तू सांग.’’

ती सांगू लागली.