दोन आबांचा रणगाडा

"टरेट माझ्या वाटणीचं हाय, आज्या. त्याला हात लावू नको."

"आन् खालचं धड माझ्या वाटणीचं. तू काय टरेट हवेत फिरवणार हाय का?"

"फिरवीन."

"फिरव की मग. लोकं बी बघतील, मुकादमाची तोफ कशी बिनगाडीची चालती."

आष्टीच्या त्या मंगल कार्यालयात आज लग्न नव्हतं. लष्करी वाहनांची छोटी मॉडेलं बनवणाऱ्यांचं संमेलन होतं. नगर, बीड, सोलापूरकडून आलेली माणसं कापसात गुंडाळलेले वीतभर रणगाडे आणि जीपा अलगद काढून टेबलांवर मांडत होती. कडेच्या टेबलावर मात्र अर्धाच रणगाडा होता. नुसतं धड, चाकं आणि पट्टे. त्याचं टरेट, म्हणजे तोफेसकट गोल फिरणारा वरचा भाग, टेबलापलीकडं उभ्या रामहरीच्या, ऊसतोड टोळीच्या मुकादमाच्या, हातरुमालात होतं.

अजिनाथ त्याचा धाकटा भाऊ. जामखेड रोडला त्याचं पंक्चरचं दुकान. बोलणं कमी, आणि बोलला तर खिळ्यासारखं. त्यांचे वडील शहादेवआबा फौजेत रणगाड्याचे ड्रायव्हर होते. पेन्शनीत आले, शेरडं पाळली, आणि दोन पोरांना घेऊन आपलाच रणगाडा लहान करून बांधायला बसले. पत्रा तेलाच्या डब्याचा. चाकं म्हणजे जनावरांच्या इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं. पट्टे जुन्या घड्याळांच्या साखळ्यांचे. बांधता बांधता एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत, "ड्रायव्हर खाली बसतो, तोफेच्या म्होरं. त्याचं डोकं बाहेर असलं, की त्याला इचारल्याबिगर वरच्यानं तोफ फिरवायची न्हाई."

रणगाडा पुरा व्हायच्या आत आबा गेले. जाताना म्हणाले, पुरा करा आन् चार लोकांत मांडा. वर्षश्राद्ध झालं आणि भावांनी वाटणी मागितली. पंचांनी विहिरीच्या पाळ्या वाटल्या, भांडी वाटली. जात्याचा वरचा दगड थोरल्याला आणि खालचा धाकट्याला असं झालं, तेव्हा कुणीतरी कोनाड्यातला रणगाडा आणून मधोमध ठेवला. पंचांनी त्याचाही तोच न्याय केला. मग ज्यानं त्यानं आपला अर्धा रणगाडा आपापल्या घरी रंगवून पुरा केला.

संमेलनाचे आयोजक धर्मराज सर टेबलाशी आले.

"अर्धं वाहन मांडता येत नाही. परीक्षक दोनच टेबलं पलीकडं आलेत. जोडा, नाहीतर टेबल मोकळं करा."

"ऐकलं का भाऊ?" अजिनाथ म्हणाला. "आबांचं काम हाय. आजच्या दिवस बसव. सांजच्याला घेऊन जा तुझं टरेट."

"बसवतो. आधी तुझा खालचा आबा काढ."

तेव्हा धर्मराज सरांचं लक्ष गेलं. धडाच्या पुढच्या झाकणातून शिशाचं एक मुंडकं बाहेर आलेलं होतं, पांढऱ्या मिशांचं. रामहरीनं रुमाल उघडला. टरेटच्या झाकणातूनही एक माणूस छातीपर्यंत वर आला होता. मिशा त्याच.

"एका गाडीत दोन आबा?" सर हसले. दोघांपैकी कुणी हसलं नाही.

"आबा खालीच बसायचे," अजिनाथ म्हणाला.

"माझा बाप खड्ड्यातून डोकावताना दावायचा का लोकायला? वर ऱ्हाईल तो. साहेबावानी."

"साहेब न्हवते ते. ड्रायव्हर व्हते. तुला ड्रायव्हरची लाज कावून वाटती?"

"लाज मला? त्यायच्या दुखण्यात दवाखान्यात कोण बसलं व्हतं बे? तू टायरी फुगवत व्हतास."

"आन् तू टोळी घिऊन कारखान्यावर गेलतास, ते सांग की."

शेजारच्या टेबलावरचा सोलापूरचा माणूस आपली जीप जरा लांब सरकवू लागला.

अजिनाथनं दोन्ही तळवे टेबलावर टेकले. "ऱ्हाऊ दे. तुझा वरचा ऱ्हाऊ दे, माझा खालचा ऱ्हाऊ दे. म्होरं ठिवायच्या नावाच्या चिठ्ठीवर आधी नाव तुझं लिव्ह. पर बसव."

रामहरीनं त्याच्याकडं पाहिलं. भाऊ इतक्या लवकर नमेल असं त्याला वाटलं नसावं. त्यानं टरेट उचललं आणि धडावर ठेवलं. बसलं. कुठं घासलं नाही, डुललं नाही. आबांनी कापलेला पत्रा होता तो. दोघांचा हिरवा वेगळा होता, तरी रणगाडा एकच दिसला. अजिनाथ चिठ्ठी काढायला टेबलाखालच्या खोक्यात वाकला.

परीक्षक आले. मागं पाच-सहा माणसं.

"फिरतं का हे?" एकानं विचारलं.

"फिरतं म्हंजी?" रामहरी म्हणाला. "गरगर फिरतं." आणि त्यानं बोटानं तोफ ढकलली.

टक् असा बारीक आवाज झाला. अजिनाथ चिठ्ठी घेऊन वर आला तेव्हा खालच्या आबांचं पांढऱ्या मिशांचं मुंडकं टेबलावरच्या चादरीवरून घरंगळत त्याच्यासमोर येऊन थांबलं होतं.

परीक्षक पुढच्या टेबलाकडं वळले.

"चिकटल की," रामहरी म्हणाला. "फेविक्विक हाय माझ्या गाडीत."

अजिनाथनं ते मुंडकं उचललं.

"मुद्दाम केलं का मी? त्यायनी इचारलं, मी फिरवलं."

अजिनाथनं ते शर्टाच्या खिशात टाकलं आणि खिशाचं बटण लावलं.

"आज्या, तुझं बी नाव लिवतो. तुझं आधी लिवतो. बोल की काहीतरी. आबांनी काय सांगितलतं, ते म्हण. म्हण तोंडावर."

अजिनाथनं दाराशी चपलांच्या ढिगातून आपली जोडी शोधली, पायात सरकवली आणि जामखेड रोडला लागला.