कानस लागणारी पिन

दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी अंबरनाथच्या एमआयडीसीत, हीट ट्रीटमेंटच्या एका कारखान्यात मेटलर्जिस्ट होते. तिथे पोलादाची परीक्षा कानशीने व्हायची. कानस घासली आणि घसरली, की माल पक्का. उल्हासनगर कॅम्प चारचा एक व्यापारी प्रेस मशीनच्या पिना आमच्याकडून कडक करून घ्यायचा. कानस घसरलीच पाहिजे हा त्याचा हट्ट, आणि पिना मोडल्या की आमच्याच नावाने खडे फोडायचा.

लाल तापवलेलं पोलाद तेलात बुडवलं की कडक होतं, पण तडकायला टपलेलं असतं. त्याला पुन्हा मंद आच द्यावी लागते. कडकपणा थोडा जातो, चिवटपणा येतो. हे ‘थोडा’ म्हणजे किती, ते ठरवण्यात माझे कित्येक महिने गेले. शेवटी कारखान्याचे शेठ वैतागले. "हा लॉट परत आला तर तुमची लॅब बंद. मग तुम्ही डिस्पॅच बघा."

लॅबशिवाय माझं त्या गावात काहीच नव्हतं. वडील गेल्यापासून मी अंबरनाथ पश्चिमेला एकटीच राहत होते.

व्यापारी आला. त्याने नव्या पिनेवर कानस घासली, ती घसरली नाही, कचकन लागली.

"मॅडम, ये तो नरम है. वापस ले लो."

माझं डोकंच सटकलं. हातच्या काकणाला आरसा कशाला? आधीच्या लॉटमधली त्याची कडक पिन वाइसच्या पकडीत आवळली आणि घण त्याच्याच हातात दिला. पहिल्याच घावाला तुकडा उडाला. मग माझी पिन लावली. तो घाव घालत राहिला. ती वाकली, आणखी वाकली, मोडली नाही.

"ऐसाच बनाओ," तो घाम पुसत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, एमआयडीसीची सुट्टी. वाकडी पिन मी घरी आणली होती. ती टेबलावर ठेवून चहा घेत बसले. एवढा आनंद झालाय आणि सांगायला कुणी नाही, याचं रडू यायला लागलं. तेवढ्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या.

"हे काय गं? वाकलंय की. भंगारात देऊन टाक."

"काकू, हे मी केलंय. बसता का जरा? सांगते."

"बसले असते गं. पण सुट्टी तुला, आम्हाला कुठली?"

वाटी घेऊन त्या गेल्या. मी दार लोटून घेतलं आणि तेल, आच, घाव, सगळं पहिल्यापासून मोठ्याने सांगितलं. घरात दुसरं कुणी नव्हतं.