ताईचं पातळ कवच

ताई गेल्याचा फोन नागपूरला सकाळी आला, तेव्हा मी चहा गाळत होते. पलीकडून भाचा हिंदीतच बोलत होता, "मौसी, मम्मी नींद में ही..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. आता महिना होत आला, तरी वाटतं, कुणीतरी अर्ध्या झोपेतून हलवून मला उठवील...

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं, तेव्हाचे दिवस सारखे डोळ्यांपुढे येतात. रस्ते खोदलेले, धूळच धूळ, आणि समता कॉलनीतल्या आमच्या घरून ताई स्कूटीवर फार्मसी कॉलेजात शिकवायला निघालेली. मला लहानपणापासून मधुमेह. आईबाबा गेल्यावर ताईच माझी आई झाली, आणि जरा जास्तच आई! मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले तरी तिचा जीव टांगणीला लागायचा.

प्रयोगशाळेत ती उंदराच्या पेशींना कवच घालायची. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी. परक्या पेशी शरीर मारून टाकतं, म्हणून त्यांच्याभोवती समुद्री शेवाळापासून काढलेल्या पदार्थाचं आवरण. एकदा तिनं मला दाखवलं. काचेच्या भांड्यात भिजल्या साबुदाण्यासारखे मणी खिडकीतल्या उन्हात हलके हलके डुलत होते... प्रत्येकाच्या पोटात जीव! "हे जमलं ना, तर तुले सुई नाही लागणार," ती म्हणाली. मी किती वेळ बघत उभी होते, देव जाणे.

त्याच सुमारास मला नागपूरला नोकरी लागली. ताईनं साफ नाही म्हटलं. "एकटीले काहून पाठवू? रात्री साखर उतरली तर?" आमचा अबोलाच सुरू झाला. मग एका संध्याकाळी ती कॉलेजातून आली आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसली.

"सारे मेले," म्हणाली.

"मण्यांतले?"

"हव. बाहेरचं काही आत शिरू नये म्हणून कवच जाड केलं मी. हवाच नाही पोचली त्यांले..."

तिनं उठून कपाटावरची माझी बॅग खाली काढली. मग म्हणाली, "बॅग भर."

पुढं तिनं कवच पातळ केलं, पेशी काही आठवडे जगल्याही. माझी सुई मात्र सुटली नाही.

नागपूरची गाडी सुटताना ती खिडकीशी येऊन एवढंच म्हणाली होती, "फ्रिजमधलं इन्सुलिन थंडच टोचू नको, बाटली मुठीत धर जरा." रोज सकाळी मी तसंच करते. हल्ली बाटली केव्हाच कोमट होते, पण मूठ उघडवत नाही. एकटीनं राहायला तू शिकवलंस, ताई... तुझ्याशिवाय राहायला कुठं शिकवलंस?