सोयराआत्या पडायला शिकली

माझी आत्या सोयराबाई बेंगळुरूच्या सिटी बसमध्ये कंडक्टर होती. ड्रायव्हरनं कितीही करकचून ब्रेक मारला तरी ती दांडी न धरता जागच्या जागी उभी राहायची. निवृत्त झाल्यावर येलहंक्याच्या जुन्या गावात, आमच्या शेजारच्या घरात ती एकटीच राहू लागली. यजमान आधीच गेले होते आणि मुलगा अभिराज नोकरीसाठी पुण्याला होता.

अशी ही बाई एकदा पिठाच्या गिरणीच्या पायरीवरून घसरली. पडताना डावा हात टेकला आणि मनगट मोडलं. पुढे हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण आत्याची चाल बदलली. ती भिंतीच्या कडेनं चालायला लागली. रस्ता ओलांडताना माझा दंड इतका घट्ट धरायची की बोटांचे वळ उठायचे. देवनहळ्ळीला धाकट्या बहिणीकडे जाणं तिनं हळूहळू सोडूनच दिलं. डॉक्टर दर वेळी सांगायचे, "अम्मा, आता पडू नका हं."

"मी काय हौसेनं पडले का?" घरी येऊन ती म्हणायची. "पडू नका म्हणतात सगळे. पडायचं कसं, ते सांगतं का कोणी?"

मी सहज म्हणून तिला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. पांढऱ्या कपड्यांतले एक जपानी आजोबा मागच्या मागे पडत होते, हातानं जमिनीवर थाप मारत होते आणि शांतपणे उठून उभे राहत होते. आत्यानं तो परत परत लावायला सांगितला. मग चष्मा काढून पदरानं पुसला.

"शिवानी, हे आपल्याकडे कुठं शिकवतात, स्वल्प, जरासं बघ की."

मला वाटलं, चार दिवसांत विसरेल. पण रोज सकाळी विचारणा सुरू झाली. मग स्कूटरवर तिला मागे बसवून मी निघाले. पहिली जागा एका मॉलच्या तळघरात होती. काचेच्या कपाटात ढाली आणि करंडक, मोठ्यानं गाणी लावलेली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आंटी, तुमच्या नातवाला आणा ना." दुसरीकडे कराटेच्या नावाखाली नुसता व्यायाम चालला होता. तिथल्या मास्तरांनी आत्याकडे न बघता मला सांगितलं, "या वयात रिस्क नको."  तरी दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं विचारलंच, "आणखी कुठं आहे का?"

तिसरी जागा आमच्याच गावात निघाली. रेल्वे स्टेशनकडे जाताना लाकडाची एक वखार लागते, तिच्यावरच्या माडीत आयकिदो या जपानी युद्धकलेचा वर्ग भरायचा. खाली छोटी पाटी होती, तीही अर्धी वेलीनं झाकलेली. पण माडीवर जाणारा जिना बाहेरून होता आणि त्याला एका बाजूनं कठडाच नव्हता. आत्या चार पायऱ्या चढली आणि थांबली. वर जाईना, खाली येईना. शेवटी ती तिथंच पायरीवर बसली आणि म्हणाली, "शिवानी, चल घरी. झालं माझं बघून."

वरून कोणीतरी अनवाणी उतरत आलं. पन्नाशीचा, सावळा, किरकोळ बांध्याचा माणूस. तो आमच्यामागच्या पायरीवर थांबला आणि मराठीतच म्हणाला, "अक्का, बसा निवांत. घाई काय हाय?"

ते बसवंत सर. मूळचे निपाणीचे. इथं कारखान्यात काम करता करता त्यांनी एका जपानी इंजिनियरकडून ही विद्या घेतली होती. तो इंजिनियर मायदेशी परतला, तेव्हापासून ते ही शाळा चालवत होते. जिन्याच्या उघड्या बाजूला, आत्याच्या शेजारी ते बसले.

"काय शिकायचं हाय, अक्का?"

"पडायला," आत्या म्हणाली, आणि मग तिला एकदम रडू आलं. हात मोडला तेव्हाही ती रडली नव्हती. "मला सारखी भीती वाटते हो. आंघोळीला जातानासुद्धा."

सरांनी तिला रडू दिलं. थोड्या वेळानं म्हणाले, "आमच्यात पहिलं तेच शिकवतात. बाकीचं सगळं नंतर. उद्या डॉक्टरांना विचारा, ते सरी, चालेल म्हणाले तर या. जिन्यावर मी असतो उघड्या बाजूला."

डॉक्टर हसले, पण हो म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून सर खरंच जिन्याच्या उघड्या बाजूनं तिच्यासोबत चढायला लागले.

आत जाड चटया अंथरलेल्या होत्या आणि भिंतीवर एका वृद्ध जपानी माणसाचा फोटो. चटईवर येण्याआधी सगळे त्याला वाकून नमस्कार करायचे. "देव आहे का?" आत्यानं हळूच विचारलं. "नाही अक्का, गुरूंचे गुरू." मग आत्यानं वाकून, वर हातही जोडले.

मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी धडाधड पडायला लावतील. सरांनी तिला फक्त उताणं झोपवलं. "हनुवटी छातीशी. नजर पोटाकडं. आता दोन्ही हातांनी चटईवर थाप." कितीतरी आठवडे एवढंच. मग बसून मागे लवंडणं, मग उकिडवं बसून. आणि उठणं: कुशीवर वळायचं, गुडघा टेकायचा, मग सावकाश उभं राहायचं. शेजारी कॉलेजची पोरं हवेतून कोलांट्या घेत होती. आत्याचं तिकडं लक्षही नसायचं.

अभिराजला हे कळलं तेव्हा तो चिडला आणि पहिल्या सुट्टीला येऊन थेट वर्गावर पोचला. तो दारात आला त्याच क्षणी आत्या उभ्यानं मागे पडली. थापेचा मोठा आवाज झाला. अभिराज बुटांसकट चटईवर धावला आणि तिच्यापाशी गुडघ्यांवर बसला.

"आई, लागलं?"

"नाही रे." आत्या पडल्या पडल्या त्याच्याकडे बघत होती. "बूट काढ आधी."

तो बूट काढायला गेला नाही. तिचा डावा हात हातात घेऊन, मनगट चाचपत तसाच बसला. म्हणाला, "पुण्यात रोज फोन वाजला की मला वाटतं, तू पुन्हा पडलीस." आत्यानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. सरांनी पोरांना दुसऱ्या कोपऱ्यात नेलं आणि अभिराजनं मग तिथंच काढलेले बूट स्वतः उचलून दाराबाहेर नीट लावून ठेवले.

आत्या पुढं खरंच एकदा पडली. न्हाणीघरात, साबणाच्या पाण्यावर. मी धावत गेले तेव्हा ती उठून स्टुलावर बसली होती. कमरेवर निळा डाग होता, बाकी काही नाही.

"पडताना शिकलेलं काही आठवलं नाही गं," ती म्हणाली. "उठताना मात्र सगळं आठवलं."

मी दोन दिवस तिच्यावर नजर ठेवून होते. भीती परत येईल, असं मला वाटत होतं. तिसऱ्या दिवशी तिनं डब्यात शेंगदाण्याची पोळी भरली, साडी बदलली आणि मला म्हणाली, "देवनहळ्ळीला जाऊन येते. संध्याकाळी उशीर झाला तर बसवंत सरांना सांग, उद्या येते म्हणून."

मी सोडायला निघाले, तर तिनं मला दारातूनच परत पाठवलं. गल्लीच्या मधोमध, डब्याची पिशवी हलवत, ती एकटीच चालत गेली.