खडकावर बसणारी शिवाक्का

दुपारी खाणीवर शिट्टी वाजली की सगळं गाव घरात शिरायचं. बाया अंगणातली भांडी आत घ्यायच्या, मी शाळेचं दार ओढून मुलांना भिंतीपासून लांब बसवायची. नेमकी त्याच वेळी शिवाक्का घराबाहेर पडायची. घोंगडीची घडी काखेत मारून ती लाल निशाण लावलेल्या खडकाकडे चालू लागायची. तिथे घोंगडी अंथरून ती बसली, की सुरुंगाला बत्ती देता यायची नाही.

मी सोलापुरात शुक्रवार पेठेत वाढलेली. मास्तरणीची पहिली नोकरी लागली ती होटगीच्या पुढच्या या खेड्यात, आणि शिवाक्काच्या घरातली पुढची खोली मला भाड्याने मिळाली. पन्नाशीची विधवा बाई. थोडी ज्वारीची जमीन आणि सिद्राम नावाचा एकुलता एक मुलगा, एवढाच संसार. पहिल्याच संध्याकाळी ती मला गावची विहीर दाखवायला घेऊन गेली. बहात्तरच्या दुष्काळात आसपासच्या विहिरी कोरड्या पडल्या, पण या विहिरीने शेजारच्या गावालाही पाणी पाजलं. एखाद्या कर्त्या मुलाविषयी बोलावं तसं ती विहिरीविषयी बोलत होती.

पुढच्या वर्षी चुन्याच्या दगडाची खाण विहिरीच्या दिशेने सरकू लागली. घरांच्या भिंती तडकल्या. ज्वारीवर पांढरी धूळ बसली, गुरं कडबा हुंगून सोडून देऊ लागली. भर पावसाळ्यात विहिरीचं पाणी निम्म्यावर उतरलं. गावाने अर्ज केला, तेव्हा एक साहेब जीपमधून आले, खाणीच्या ऑफिसात चहा घेऊन परत गेले. दुसऱ्या दिवशी शिवाक्का पहिल्यांदा खडकावर जाऊन बसली.

हे जिवावर बेतेल, असं मी तिला सांगून पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "दगूड म्हंजी जमिनीचं हाड हाय, बाई. माणसाचं मोडलेलं हाड बसवता येतंय. ह्येचं कोण बसवणार?"

मग गल्लीतल्या बायाही तिच्याशेजारी बसू लागल्या. एकदा पोलिसांनी सगळ्यांना गाडीत घालून होटगी स्टेशनावर नेऊन सोडलं. त्या बोलत-हसत पायी परत आल्या. महिनाभर सुरुंग अडले. मग खाणवाल्यांनी गावात पाण्याचा टँकर सुरू केला, घरटी एका माणसाला काम देऊ केलं, आणि एकेक बाई यायची थांबली. शिवाक्काने कुणाला बोल लावला नाही. "त्यांच्या घरात बी खाणारी तोंडं हायती की," एवढंच म्हणायची. शेवटी खडकावर ती एकटी उरली.

सिद्रामनेही काम धरलं. ज्वारी धुळीने गेलेली, दुसरा इलाज नव्हता. मुकादमाने मुद्दाम त्याच्याच हाती लाल निशाण दिलं आणि सांगितलं, आईला उठव, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. शाळेच्या पायरीवरून खडक दिसायचा. सिद्राम बराच वेळ तिच्यासमोर उकिडवा बसून होता. मग त्याने तिला लहान मुलासारखं उचललं आणि घरी आणलं. तिने झटापट केली नाही. अंगणात खाली ठेवल्यावर तिने विचारलं, "जेवलास का रं?"

तो मान खाली घालून परत गेला. थोड्या वेळाने सुरुंग उडाला.

दुसऱ्या दिवशी शिट्टी झाली तरी ती चुलीपुढून उठली नाही. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "पोराला पुन्यांदा तसं करायला लावू व्हय?"

उन्हाळा लागता लागता विहीर आटली. टँकरच्या पाण्याला मात्र शिवाक्काने तोंड लावलं नाही. शेजारच्या गावाहून ती रोज कळशी भरून आणायची. पुढे खोकल्याने ती खंगली, चार पावलं टाकली की दम लागायचा. तेव्हा सिद्राम कामावर जाण्याआधी सायकलवरून तिच्यापुरतं पाणी आणू लागला. त्या दुपारविषयी मायलेकरांत कधी एक शब्द झाला नाही.

वैशाखात तिला घरघर लागली. सिद्राम खाणीवरून धावत आला तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. सकाळची कळशी संपली होती. कुणीतरी टँकरच्या पाण्याचा तांब्या पुढे केला. "आव्वाला ह्ये नगं," म्हणून त्याने सायकल काढली.

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मध्येच डोळे उघडून तिने तो कुठे गेला म्हणून विचारलं. पाणी आणायला गेलाय, असं मी सांगितलं. "लई ऊन हाय की," ती म्हणाली. त्यानंतर ती बोलली नाही.

सिद्राम परतला तेव्हा बायांनी पदर तोंडाला लावले होते. जवळ बसून त्याने तिच्या ओठांवर पाणी सोडलं. ओठ मिटलेले होते. पाणी हनुवटीवरून गळ्याकडे ओघळलं. ते त्याने बाहीने पुसलं, तर तिच्या हनुवटीवर चुन्याचा पांढरा पट्टा उमटला. त्याने पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा पुसलं. पट्टा आणखी पसरला. शेवटी मी त्याचा हात धरला आणि माझ्या पदराने तिचा चेहरा स्वच्छ केला.