ई ड्राइव्ह रिकामा केला तेव्हा

इंदुमतीला आवराआवरीची भारी हौस. केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या दोन खोल्यांपासून बढती मिळेल तशी ती मोठ्या क्वार्टरमध्ये जात राहिली, आणि दर वेळी शिरस्ता एकच. सामान नव्या घरी पोचलं रे पोचलं, की जुनं घर झाडूनपुसून रिकामं करायचं आणि किल्ली देऊन टाकायची. मागे चमचासुद्धा राहता कामा नये! निवृत्तीनंतर ती नोएडातल्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये आली, तरी ही खोड गेली नाही. आणि याच खोडीनं घात केला.

तिचा नवरा ज्ञानोबा. पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकावर येणाऱ्या मराठी मंडळींना हा हौशी माणूस वर्षानुवर्षं लढाई सांगायचा, तीही खणखणीत आवाजात. गेल्या वर्षी कॅन्सरमुळे त्याचं स्वरयंत्र काढावं लागलं. आता तो मोबाईलवर टाइप करून बोलतो. त्याचा आवाज उरला तो फक्त रेकॉर्डिंगांत, कॉम्प्युटरच्या ई ड्राइव्हवर.

तो ड्राइव्ह कुरकुरायला लागला तेव्हा इंदुमतीनं तडक फोन लावला. गुरुग्रामला आयटीत असलेली लेक अक्षया म्हणाली, क्लाउड बॅकअप घे. बाईंनी स्वतः बसून सी, डी, ई तिन्ही ड्राइव्हवर टिक केली. सगळं वर चढायला बरेच दिवस लागले. शेवटी स्क्रीनवर ‘बॅकअप पूर्ण’ आलं. सामान पोचलं! बाईंनी लगोलग ई ड्राइव्ह पुसून चकाचक केला, रिसायकल बिनसकट.

काही आठवड्यांनी, एका रविवारी अक्षयाचा फोन आला. “आई, नवीन ड्राइव्ह बसवलास?”

“बसवेन गं. जुना रिकामा करून ठेवलाय, सगळं वर गेलंय ना.”

“रिकामा केलास? आई, ते काय गोडाऊन आहे? तिथे आपल्या कॉम्प्युटरची नक्कल असते. इथलं पुसलं की महिन्याभरानं तिथलंही जातं!”

“म्हणजे यांचा...” इंदुमतीचा आवाज रडवेला झाला.

“चलो, रडायचं नंतर. आधी साइट उघड.”

साइटवरही ई ड्राइव्ह रिकामा होता. “पुसायच्या आधीची तारीख निवड,” अक्षया म्हणाली. आता ती तारीख कुठली? डोकं चालेना. मग आठवलं, ज्ञानोबाच्या तपासणीहून परत आलो त्या संध्याकाळी. तिनं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. महिना भरायला दोनच दिवस होते. तिनं तारीख निवडली आणि फायलींची नावं एकाखाली एक उमटली.

“आहेत गं! आहेत!”

“डी ड्राइव्हवर उतरव. ई ला हात लावू नकोस, बिल्कुल.”

फायली उतरू लागल्या, अगदी रखडत. तेवढ्यात ज्ञानोबा मागे येऊन उभा राहिला. आता लपवायचं तरी काय?

“अहो, मी तुमचा आवाज पुसून टाकला होता,” ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

त्यानं टाइप केलं, ‘माहीत आहे. मागेच पाहिलं.’

“मग मला विचारलं का नाहीत?”

या वेळी त्याला वेळ लागला. ‘वाटलं, तुला आता तो आवाज ऐकवत नाही. म्हणून काढलास.’

“वेड लागलंय का तुम्हाला!” ती ओरडली खरी, पण मग तिच्या लक्षात आलं. ऑपरेशननंतर तिनं एकही रेकॉर्डिंग लावलं नव्हतं. धीरच झाला नव्हता. हे त्यानं पाहिलं होतं तर!

पहिली फाईल उतरली होती. तिनं ती लावली.

“मंडळी, जरा सावलीत या. उन्हात उभं राहून लढाई कळायची नाही.”

खोली त्या आवाजानं भरून गेली. इंदुमतीचा हुंदका ऐकून ज्ञानोबानं आवाज बंद करायला हात पुढे केला. तिनं तो घट्ट धरून ठेवला.

“राहू द्या,” ती म्हणाली. “ऐकू द्या मला.”