वेळापत्रकातला निळा चौकोन

आमच्या कॉलेजचं वेळापत्रक पाटीलबाई वर्षानुवर्षं एक्सेलमध्ये करतात, प्रत्येक प्राध्यापकाला एकेक रंग देऊन. यंदा खास वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर घ्यायची चर्चा निघाली, तेव्हा "एक्सेलमध्ये काय अडलंय?" असं मीच विचारलं होतं.

काल बाईंनी सकाळचा एक निळा चौकोन उचलून दुपारी ठेवला. "देशमुख सर सकाळी आईला डायलिसिसला नेतात," त्या म्हणाल्या. हे एक्सेलमध्ये कुठेच नव्हतं, फक्त बाईंच्या डोक्यात होतं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये कोणाला कोणती वेळ जमत नाही, हे नोंदवायला रकाना आहे.

सवयीचं साधन आपल्याला पुरतं, कारण त्यातलं उणं कुणीतरी मुकाट्याने भरून काढत असतं. बाई पुढच्या वर्षी निवृत्त होताहेत.

आज बैठकीत मी नव्याच्या बाजूने हात वर केला. बाईंचा हात माझ्याआधीच वर होता.